कस खोटं बोलत नाही

परवा पुतण्याचा फोन आला. आमच्या दुकानात (आता ते त्याचंच दुकान, पण तोंडात अजून "आमच्या" असंच येतं) सोन्याचा कस सांगणारं मशीन आलंय. पाटली आत ठेवायची, झाकण लावायचं, थोड्या वेळात पडद्यावर टक्केवारी हजर. ना घासणं, ना तेजाब, ना बोटं पिवळी. "काका, आजोबांचा दगड आता देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही," असं म्हणून तो हसला. मीही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र एक जुनी गोष्ट आठवली आणि दिवसभर डोक्यातून जाईना. त्या वेळी पुतण्याचा जन्मही झाला नव्हता, म्हणून इथे लिहून ठेवतो. त्यानं वाचावी, आणि बाकीच्या मंडळींनीही.

मी तेव्हा आठवी-नववीत असेन. अण्णा गल्ल्यावर. ओळखीतल्याच एका घरातला माणूस चार पाटल्या गहाण ठेवायला आला. अण्णांनी पाटली दगडावर घासली, शेजारी आपल्याकडच्या सोन्याची रेघ ओढली, दोन्हींवर तेजाब फिरवलं. रेघ जागची हलली नाही. पैसे दिले, चिठ्ठी केली. मुदत टळली, वर्ष गेलं, माणूस फिरकेना. शेवटी पाटल्या आटवायला घेतल्या, तेव्हा आतून तांबं निघालं. वर सोन्याचा चांगला जाड पत्रा, आत तांबं.

त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. रक्कम आमच्या मानानं मोठी होती. आई म्हणाली, "कसानं फसवलं." त्यावर अण्णा जे म्हणाले ते मला अजून शब्दशः आठवतं. "कस खोटं बोलला नाही. मी त्याला वरचंच विचारलं, त्यानं वरचंच सांगितलं. हाताला पाटली हलकी लागली होती, पण मी हाताचं ऐकलं नाही."

पुढे मी पिढीजात धंदा सोडून सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीत शिरलो. अण्णा म्हणायचे, "म्हणजे तूही कसच लावतोस की!" तेव्हा ती थट्टा वाटायची. गेल्या वीसेक वर्षांत आमच्या क्षेत्रात जे घडलं ते पाहता ती थट्टा नव्हती असं वाटतं. ती हकीकत सांगण्यासाठीच हा लेख.

सुरुवात तुम्हा ब्लॉगवाल्यांना माहीत असलेल्या गोष्टीपासून करतो. ज्यांनी २००५-०६ च्या सुमारास ब्लॉग सुरू केले त्यांना आठवत असेल, पोस्ट टाकून चहा घेऊन यावं तर खाली औषधांच्या आणि घड्याळांच्या जाहिराती पडलेल्या असायच्या. ईमेलचं तर विचारूच नका. त्यावर उतारा म्हणून शब्द मोजणाऱ्या गाळण्या आल्या. २००२ साली पॉल ग्रॅहम यांनी त्यावर एक निबंध लिहिला आणि तो फार गाजला. कल्पना सोपी होती. कचरा-पत्रांत कोणते शब्द जास्त येतात आणि चांगल्या पत्रांत कोणते, हे यंत्राला उदाहरणांवरून शिकू द्यायचं आणि नव्या पत्राचा निवाडा त्यावरून करायचा. काही दिवस उत्तम चाललं. मग कचरा पाठवणाऱ्यांनी काय केलं? जाहिरातीच्या खाली चांगले, घरगुती, निरुपद्रवी शब्द ओळीनं भरायला सुरुवात केली. बेरीज चांगल्याकडे झुकली, पत्र आत आलं. वर सोन्याचा पत्रा, आत तांबं!

याचा गणिती विचार करणारा एक निबंध २००४ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मंडळींनी लिहिला. लेखकांत पहिलंच नाव नीलेश दळवी, हे वाचून आपसूक बरं वाटलं. त्यांचं म्हणणं असं, की तोवर शिकणाऱ्या यंत्रांचा अभ्यास होत होता तो जणू समोर निसर्ग आहे असं धरून. पाऊस पडणार की नाही हे तुम्ही ओळखलंत म्हणून पाऊस आपलं वागणं बदलत नाही. पण समोर माणूस असेल, आणि तुमच्या निवाड्यावर त्याचा फायदा-तोटा ठरत असेल, तर तो तुमची रीत पाहून आपली रीत बदलतो. तेव्हा यंत्राची परीक्षा घेताना हा खेळ आहे, समोर खेळाडू आहे, हे धरून घ्यावी. आज वाचताना यात काय नवीन असं वाटेल. पण पुढच्या सगळ्या इतिहासात लोक नेमकं हेच पुन्हा पुन्हा विसरले.

मग आलं डीप लर्निंगचं युग. २०१२ साली चित्रं ओळखायच्या एका मोठ्या स्पर्धेत टोरंटोच्या तिघांचं न्यूरल नेटवर्क इतकं पुढे गेलं की बाकीचे चकित झाले. पहिल्या पाच अंदाजांत बरोबर उत्तर नसण्याचं प्रमाण त्यांचं १५.३ टक्के, दुसऱ्या क्रमांकाचं २६.२ टक्के. त्यानंतर जो तो हेच यंत्र वापरू लागला. यंत्राला आता डोळे फुटले अशी भाषा सुरू झाली.

आणि लगेच, २०१३ च्या अखेरीस, गुगलमधल्या ख्रिश्चन सेगेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध आला. त्यांनी काही चित्रं घेतली. त्यांत यंत्रानं बरोबर ओळखलेली एक स्कूल बस होती. त्या चित्रात त्यांनी गणित करून इतका बारीक बदल केला की माणसाला दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तरी फरक दिसू नये. यंत्र म्हणालं, शहामृग! बसला शहामृग, बाकीच्या चित्रांनाही शहामृगच. हसावं की रडावं कळेना असा प्रकार. त्याहून काळजीची गोष्ट अशी, की एका यंत्राला फसवायला बनवलेलं चित्र निराळ्या उदाहरणांवर शिकलेल्या दुसऱ्या यंत्रालाही बऱ्याचदा फसवत होतं. म्हणजे दोष एका यंत्राचा नव्हता. त्याच वर्षी इटलीतल्या काल्यारीचे बात्तिस्ता बिज्जो आणि त्यांच्या सोबत्यांनीही अशाच तऱ्हेनं यंत्राची नजर चुकवता येते हे स्वतंत्रपणे दाखवलं होतं.

या फसव्या चित्रांना ॲडव्हर्सेरियल एक्झाम्पल असं नाव पडलं. पुढच्या वर्षी, २०१४ च्या डिसेंबरात, इयन गुडफेलो यांनी (सेगेडींच्या निबंधातही ते होतेच) पांडाचं ते प्रसिद्ध चित्र दिलं. यंत्र आधी ५७.७ टक्के खात्रीनं "पांडा" म्हणतं. मग चित्रावर रंगीत खसखशीसारखा एक गोंधळ अगदी पुसट मिसळायचा. पांडा आपल्याला जसाच्या तसा दिसतो, आणि यंत्र ९९.३ टक्के खात्रीनं म्हणतं, "गिबन" माकड! गंमत म्हणजे याच गुडफेलोंच्या दुसऱ्या एका कामातून त्याच वर्षी असं दिसलं होतं की वेडीवाकडी अक्षरं वाचून "मी माणूस आहे" हे सिद्ध करायच्या कोड्यांतली सगळ्यात अवघड कोडी यंत्र ९९.८ टक्के वेळा सोडवतं. म्हणजे माणसाला त्रास देणारी अक्षरं यंत्र लीलया वाचतं, आणि लहान मुलाला दिसणारा पांडा त्याला दिसत नाही.

हे होतं कसं? पुतण्यासाठी सराफीच्या भाषेत सांगतो. त्या यंत्रात जाणारं चित्र म्हणजे २२४ गुणिले २२४ ठिपके, प्रत्येकात तीन रंग, एकूण १,५०,५२८ आकडे. पांडाच्या चित्रात प्रत्येक आकडा साधारण एका पायरीनं, म्हणजे साठवताना जितका कमीत कमी बदलता येईल तितकाच हलवला होता. एका तोळ्याच्या ९६ गुंजा. एका दागिन्यात गुंजेचाही अंशच मारला तर कुठला तराजू धरणार? पण दीड लाख दागिन्यांत मारला, आणि प्रत्येक वेळी आपल्याच बाजूनं मारला, तर किती तोळे झाले? थेंबे थेंबे तळे साचे ते असं. आपली नजर एकेक थेंब पाहते आणि म्हणते, काही नाही. यंत्र आत बेरीज करत बसलेलं असतं. ती बेरीज कोणत्या बाजूनं झुकते हे हल्ला करणाऱ्याला यंत्राच्याच गणितातून काढता येतं. यंत्र शिकतं ज्या गणितानं, त्याच गणितानं ते फसतं.

बरं, हे संगणकाच्या पोटातच राहील असं काही दिवस वाटलं होतं. २०१६ साली अशी चित्रं कागदावर छापून फोनच्या कॅमेऱ्यानं पुन्हा टिपली, तरी बरीचशी फसवी राहिली. त्याच वर्षी कार्नेगी मेलनमधल्या संशोधकांनी छापील नक्षीच्या चष्म्याच्या फ्रेमा बनवल्या. ती फ्रेम घातलेल्या एका पुरुषाला यंत्र मिला योव्होविच ही अभिनेत्री समजलं. २०१७ साली एमआयटीत एक प्लास्टिकचं कासव छापलं गेलं. बहुतेक बाजूंनी दाखवलं तरी यंत्र म्हणे, रायफल. या कामात पुढे होते अनिश अथल्ये. त्यांचं नाव पुन्हा येणार आहे. मग काहींनी रस्त्यावरच्या "थांबा" या पाटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या. तपासलेलं यंत्र ती पाटी "वेगमर्यादा ४५" अशी वाचू लागलं. इथे हसू थांबतं. गाडी चालवणाऱ्या यंत्राला "थांबा" दिसलं नाही तर समोरून जाणाऱ्याचं काय?

आता बचावाकडे येतो. मला खरं सांगायचंय ते इथेच आहे.

गुडफेलोंनी पहिला उपाय तेव्हाच सुचवला होता. फसवी चित्रं बनवायची, त्यांवर खरी नावं लिहायची आणि तीच यंत्राला शिकवायची. हातानं लिहिलेले आकडे ओळखणारं त्यांचं यंत्र आधी फसव्या आकड्यांवर ८९.४ टक्के चुकायचं, ते १७.९ टक्क्यांवर आलं. पण हल्ला एकाच पावलात न करता लहान लहान पावलांनी केला की अशी तालीम अपुरी पडते, हे पुढे दिसलं.

मग उपायांची रीघ लागली. २०१५ च्या अखेरीस आलेल्या एका उपायाचा फार बोलबाला झाला. त्यानं हल्ल्याचं यश एका यंत्रावर ९५ टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्याच्याही खाली आणलं होतं. झालं, सुटलो, असं अनेकांना वाटलं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये बर्कलीचे निकोलस कार्लिनी आणि त्यांचे प्राध्यापक डेव्हिड वॅग्नर यांनी आपल्या नव्या हल्ल्यांनी तो बचाव मोडला. यश १०० टक्के! त्या उपायानं वाट बंद केली नव्हती, दिवा मालवला होता. जुने हल्लेखोर अंधारात चाचपडून परत जात होते. हे दोघं कंदील घेऊन आले, तर दार सताड उघडं.

२०१७ साली याच जोडीनं फसवं चित्र ओळखणाऱ्या दहा उपायांना चकवलं. आणि २०१८ च्या फेब्रुवारीत अथल्ये, कार्लिनी आणि वॅग्नर यांचा तो निबंध आला. एका नामांकित परिषदेनं त्या वर्षी बचावाचे अनेक निबंध स्वीकारले होते. यंत्राची सगळी माहिती हल्लेखोराला असली तरी टिकतो असं म्हणणारे नऊ या तिघांनी तपासले. त्यांतले सात दिवा मालवणाऱ्या जातीचे निघाले. सहा पूर्ण मोडले, एक अर्धवट. आणि परिषद अजून भरायचीच होती! लग्नाच्या आधी पत्रिका फाटावी तसं झालं. त्यांचा निबंध त्या वर्षी दुसऱ्या मोठ्या परिषदेत उत्कृष्ट ठरला.

यात कुणी खोटं बोलत होतं असं नाही. सगळे हुशार, प्रामाणिक लोक. चूक एकच, आणि ती अण्णांचीच चूक. उपाय बनवायचा आणि जुन्या चोराला बोलावून कुलूप दाखवायचं. त्याला उघडलं नाही की म्हणायचं, कुलूप पक्कं. पण खरा चोर नवं कुलूप पाहून नवी किल्ली घासून येतो. कस बरोबर उत्तर देत होता, विचारलेला प्रश्न वरचा होता.

वॅग्नर मूळचे गुप्तलेखनाच्या शास्त्रातले, आणि मला वाटतं त्यांचं वेगळेपण यातच आहे. त्या शास्त्रात ही अद्दल फार पूर्वी घडलेली आहे. १८८३ साली ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी लिहून ठेवलं, की सांकेतिक लिपीची रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुपित फक्त किल्लीत असावं. म्हणून तिथे कुणी नवी लिपी काढली तर ती आधी चव्हाट्यावर मांडतात, वर्षानुवर्षं जगभरचे लोक ती मोडायला बसतात, आणि त्यातून उरली तरच तिच्यावर विश्वास. शिकणाऱ्या यंत्रांच्या जगात ही रीत रुजायला वेळ लागला.

त्या झडतीतून काय उरलं? मुख्य म्हणजे एमआयटीच्या अलेक्झांडर मॉन्द्री आणि सहकाऱ्यांचं २०१७ चं काम. त्यांनी नवी जादू केली नव्हती. यंत्राला शिकवताना दर वेळी सापडेल तो सर्वांत कठीण फसवा नमुना शोधायचा, लहान लहान पावलांनी, आणि तोच शिकवायचा. कुस्तीच्या तालमीत रोज आपल्याहून भारी जोड देतात तसं. आणि मग त्यांनी आपलं यंत्र, त्याची तालीम, सगळं उघडं ठेवून जाहीर आव्हान दिलं, की या आणि पाडून दाखवा. लोक आले. आकडा थोडाफार घसरला, पण यंत्र कोसळलं नाही. मात्र आकडा मुळात किती नम्र होता ते पाहा. साध्या छोट्या चित्रांवर एरवी सुमारे ८७ टक्के बरोबर, हल्ला झाला की सुमारे ४६. आणि त्यासाठी नेहमीची अचूकताही थोडी खर्ची घालावी लागली. खरा आकडा असा असतो. अर्ध्या टक्क्यासारखा दिमाखदार नसतो.

२०१९ साली एक निराळी वाटही पक्की झाली. एकाच चित्रावर मुद्दाम निरनिराळा गोंधळ टाकून यंत्राला पुन्हा पुन्हा विचारायचं आणि बहुमत घ्यायचं. यात अमुक इतक्या बदलापर्यंत उत्तर ढळणार नाही अशी गणिती हमी देता येते. हमीची मर्यादा लहान, पण ती कुणाच्या हुशारीवर अवलंबून नाही. त्याच वर्षी मॉन्द्रींच्या गटानं आणखी एक विचार मांडला आणि मला तो फार पटला. फसवी चित्रं हा यंत्राचा बिघाड नव्हे. चित्रांत आपल्याला न दिसणाऱ्या पण उत्तराशी खरोखर नातं असलेल्या खुणा असतात. यंत्राला "बरोबर उत्तर दे" एवढंच सांगितलं होतं, "माझ्यासारखं पाहा" असं कुणी सांगितलंच नव्हतं. पुन्हा तेच, आपण वरचं विचारलं.

यानंतर शहाणपण आलं असेल असं वाटतं ना? २०२० साली तेरा नवे बचाव तपासले गेले, तेराही मोडले. त्यातल्या बऱ्याच जणांनी आधीचे इशारे वाचले होते, काहींनी स्वतःवर नव्या चोराची परीक्षाही घेतली होती, पण अर्धवट. २०२३ साली गप्पा मारणाऱ्या यंत्रांची पाळी आली. प्रश्नाच्या शेवटी अर्थहीन वाटणारी अक्षरांची शेपटी जोडली की यंत्र एरवी नाकारतं ते सांगून बसतं. आणि एका उघड्या यंत्रावर शोधलेली शेपटी दुसऱ्या कंपनीच्या बंद यंत्रावरही चालत होती. २०१३ च्या शहामृगाचंच हे भावंडं. २०२५ च्या ऑक्टोबरात अशा बोलक्या यंत्रांचे बारा बचाव तपासले गेले, आणि बहुतेकांवर हल्ल्याचं यश ९० टक्क्यांच्या वर. त्या निबंधाच्या नावातच म्हटलंय की हल्लेखोर दुसरी चाल खेळतो. म्हणजे आपण आपली चाल मांडून बसतो, तो ती पाहून मग खेळतो. २००४ सालचंच म्हणणं, वीस वर्षांनी नव्यानं.

असो. बरंच लांबलं. पुतण्या, तुझ्या मशीनबद्दल थोडं सांगून थांबतो.

मी वाचून पाहिलं. ते क्ष-किरण सोडतं आणि उलट येणारे किरण वाचतं, आणि सोन्यात त्याची नजर जाते केसाच्या जाडीहूनही कमी. मशीन चांगलं आहे, वापर. ते खोटं बोलणार नाही. पण त्यालाही वरचंच कळतं, आणि हे तुझ्याइतकंच पाटल्या घेऊन येणाऱ्यालाही माहीत असेल असं धरून चाल.

त्या प्रसंगानंतर अण्णांनी काय केलं ते तुला कुणी सांगितलं नसेल. त्यांनी नवी परीक्षा लपवली नाही. गहाण ठेवायला येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी ओळखीच्यालाही, आधीच सांगायचे, "घासणार, तेजाब लावणार, कानस मारणार, आणि वाटलं तर तुमच्यासमोर तोडणार. चालत असेल तर बसा." शेजारचे सराफ म्हणायचे, आधी कशाला सांगता, सावध होतील, गिऱ्हाईकही तुटेल. अण्णा म्हणायचे, "ज्याचं आतून सोनं आहे त्याला मी सांगितल्यानं काय होतं?" काही गिऱ्हाइकं तुटलीही. ओळखीचे दोघे-तिघे रागावून गेले ते परत आले नाहीत, आणि त्याचं अण्णांना शेवटपर्यंत वाईट वाटायचं. पण त्यानंतर तांबं घरात आलं नाही, निदान मला माहीत नाही.

तेव्हा दगड देव्हाऱ्यात ठेव हवा तर. कानस मात्र गल्ल्याखालीच असू दे. आणि पाटली हाताला हलकी लागली, तर पडद्यावर काहीही दिसो, हाताचं ऐक.